लागलं की पाणी

माझ्या लग्नात आईने मला दोन पांढऱ्या उशा दिल्या होत्या. अभ्र्यांवर तिने स्वतःच्या हाताने वेलबुट्टी काढलेली. महिना झाला नाही तोच एक अभ्रा पिवळा पडला, मग नारिंगी, मग कसला तरी जांभळट. मी घासून घासून हात सोलून घेतले. शेवटी एक दिवस डोकं फिरलं आणि बोलले, "अहो, तुमच्या डोक्यातून हळद झिरपते का काय?" तर हे शांतपणे बोलले, "घाम आहे. या आठवड्यात पिवळ्याची बॅच चालू आहे."

हे म्हणजे बबन उबाळे, माझे मिस्टर. मी चांगुणा. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. हे मोरिवलीच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत रिअ‍ॅक्टरवर, म्हणजे रंग शिजवायच्या मोठ्या बंद टाकीवर, ऑपरेटर होते, अगदी रिटायर होईपर्यंत. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा, पावडरीचा. ती पावडर अंगात मुरते. कंपनीत साबण लावून आंघोळ करून यायचे, घरी परत एकदा करायचे, तरी सकाळी उशी मला सांगायची काल काय बनवलं ते. लघवीसुद्धा रंगीत व्हायची म्हणे. ते मला फार उशिरा कळलं. पुरुष असलं काही बायकोला सांगतात होय! सगळ्यांचंच तसं होतं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. उलट एकमेकांना चिडवायचे, आज तुझी कुठली शेड म्हणून.

माणूस कमी बोलणारा, पण नियमाचा असा पक्का की कधी कधी डोक्यात जायचा. फोडणीचा थेंब माझ्या हातावर उडाला की मी फुंकर मारायच्या आत हे माझा हात नळाखाली धरून उभे. इकडे भाजी करपतेय, धूर झालाय, पण नाही. "लागलं की पाणी," हे यांचं वाक्य. कंपनीत शिकवलं होतं, केमिकल अंगाला लागलं की आधी पाणी, भरपूर पाणी, बाकीचं सगळं मग. आमची प्रीती लहान असताना वहीवर शाई सांडली तरी ओरडायची, "पप्पा, लागलं की पाणी!" मी हसायचे. पण या वाक्यावर हसू नये, हे मला हरीभाऊजींनी शिकवलं.

हरिचंद्र भोईर, मोरिवली गावातले. त्यांच्या आजोबांच्या भाताच्या शेतांवर कंपन्या उभ्या राहिल्या आणि ते आमच्या ह्यांच्याच कंपनीत कामाला लागले. दोघांची शिफ्ट एक, रिअ‍ॅक्टर एक, डबासुद्धा एकात एक. माझ्या हातची भाकरी हरीभाऊजी खाणार आणि त्यांच्या घरचं सुक्या बोंबलाचं कालवण आमचे हे. एकदा काय झालं, पाइपाचा जॉइंट सुटला आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी हरीभाऊजींच्या तोंडावर उडालं. डोळ्यात गेलं. माणूस गुरासारखा ओरडायला लागला. आमच्या ह्यांनी त्यांची मान धरली आणि फरपटत नेऊन शॉवरखाली घातली. एका हाताने मान दाबलेली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पापण्या फाकवलेल्या. हरीभाऊजी लाथा मारतायत, आईबहिणीवरून शिव्या घालतायत. गाडी आली, सुपरवायझर आला, सगळे ओरडतायत, "बबन, सोड त्याला, गुदमरेल तो, डॉक्टरकडे नेऊ दे!" हे सोडायला तयार नाहीत. मनासारखं धुऊन झालं तेव्हाच सोडलं. नंतर डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा औषधाने नाही वाचला, पाण्याने वाचला.

तेव्हापासून हरीभाऊजी त्या डोळ्यावर बोट ठेवून सगळ्यांना सांगायचे, "यो डोला माजा नाय, यो बबनचा हाय."

आता यांची दुसरी बाजू सांगते. हे बौद्धाचार्य आहेत. लग्न असो, बारसं असो, पुण्यानुमोदन असो, आजूबाजूच्या वस्त्यांमधून बोलावणं येतं. तेव्हा अंगावर पांढरा झब्बा, पांढरी पँट. आठवडाभर रंगात लोळणारा माणूस रविवारी असा बगळ्यासारखा निघायचा! त्या कपड्यांसाठी मी वेगळी बादली ठेवली होती, त्यात घरातला दुसरा एक रुमालही पडू द्यायचे नाही. आणि पंचशील देताना यांची एक सवय. लोक पाठोपाठ गुणगुणतात, शब्द गिळतात. हे चौथ्या शीलाला थांबणार. "मोठ्याने म्हणा. खोटं बोलणार नाही, असं वचन देताय तुम्ही. तोंडातल्या तोंडात कसं देता?" नवरदेव बिचारा घामाघूम. मी मागे बसून मनात म्हणायचे, आवरा आता, जेवण गार होतंय.

रिटायर झाल्यावर हळूहळू यांचा रंग उतरला. एका सकाळी उठून बघते तर उशी पांढरी. मी ती उशी घेऊन शेजारणीला दाखवून आले, इतका आनंद झाला मला. म्हटलं, चला, आता हा माणूस पूर्ण माझा झाला, कंपनीचा काही उरला नाही.

आणि मग एक दिवस हे संडासातून बाहेर आले आणि मी आत गेले. पाणी नीट पडलं नव्हतं. भांड्यात लाल होतं.

"हे काय?"

"काय?"

"लाल काय आहे?"

"रंग आहे," हे बोलले. "जुना. उतरतोय अजून."

बघा आता! दुसऱ्या कुठल्याही घरात पुरुषाला लाल लघवी झाली असती तर त्याची पाचावर धारण बसली असती. आमच्याकडे रंग आहे म्हणून चहा पीत बसले. आयुष्यभर पिवळी, नारिंगी, जांभळी बघितलेला माणूस, त्याला लालचं काय नवल? मी बोलले, "उशीवरचा रंग जाऊन किती काळ लोटला. वरचा गेला आणि आतला राहिला होय?" तर म्हणे, आत मुरलेला उशिरा निघतो. दुखत नव्हतं ना, म्हणून एवढी अक्कल चालली. मी दोन दिवस भांडले, तिसऱ्या दिवशी जेवण करायचं सोडून दिलं. म्हटलं, डॉक्टरकडे चला, नाहीतर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जाऊन जेवा. तेव्हा हलले.

उल्हासनगरला डॉक्टर चंदर म्हणून लघवीच्या आजारांचे सर्जन आहेत. सिंधी माणूस, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणार, पण समजावून सांगण्यात हातखंडा. तपासण्या झाल्या आणि निघालं ते निघालं. लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तरावर गाठ. कॅन्सर. त्यांनी विचारलं, "काका, काम काय करायचे?" यांनी सांगितलं. डॉक्टर नुसती मान हलवत राहिले. रंगाच्या कामात हे होऊ शकतं, वर्षानुवर्षं तिथे साठून राहतं आणि अस्तराला लागतं, असं मग बोलले. ज्या रंगाला मी उशीवर घासत होते तो आत बसून हे करत होता!

दुर्बीण घालून त्यांनी गाठ खरवडून काढली. मग बोलले, आता औषध. मला वाटलं, झालं, आता सलाईन, केस जाणार, उलट्या होणार. ते बोलले, "नाही आंटी. जीन्सवर एका जागी डाग आहे, तर आपण पूरी पँट ब्लीचमध्ये टाकतो का? डागावरच ब्रश मारतो ना? तसं हे औषध रक्तात नाही सोडायचं. नळीने सीधा पिशवीत सोडायचं. जिथे बीमारी, तिथेच दवा. बाकी अंगाला त्रास जवळपास नाही." उल्हासनगरला घरोघरी जीन्स शिवतात, त्याच्या शेजारी राहून जीन्स नाही समजणार तर काय समजणार? मला पटकन कळलं. अट एकच, आधी पाणी कमी प्यायचं आणि औषध आत गेलं की दोन तास लघवी करायची नाही. पडून राहायचं, मधून मधून कूस बदलायची, म्हणजे औषध सगळीकडे लागेल. दर आठवड्याला एकदा, असे सहा आठवडे.

"आणि ही गाठ परत आली तर?" यांनी विचारलं.

"औषध चालू असून पण परत आली, तर मग पिशवीच काढावी लागेल काका. जान वाचवायची तर. मग पोटावर बाहेरून थैली लावतात, लघवी त्यात जमा होते."

रिक्षात हे एकदाच बोलले. "पांढऱ्या कपड्यातून दिसेल ती थैली." मी म्हटलं, दिसू दे, जीव तर राहील. तोंडाने म्हटलं, पण माझ्या डोळ्यांपुढे तो पांढरा झब्बा आला.

सहा आठवडे आम्ही गेलो. पुरुषांच्या वॉर्डात मला बसू देत नव्हते, मी बाहेर बाकड्यावर. दोन तासांनी हे बाहेर यायचे, चेहरा ओढलेला. "ठेवलं ना?" मी विचारायच्या आत सिस्टरच सांगायची, "काका एकदम शांत पेशंट आहेत." मला काय अभिमान! घरी येऊन मी शेजारणीला सांगायचे, आमचे हे म्हणजे नियमाचा माणूस.

मग तीन महिन्यांनी परत दुर्बीण. आणि डॉक्टर चंदर आमच्यासमोर येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता. परत उगवली होती. लहान होती, ती त्यांनी लगेच काढली होती, पण उगवली होती.

"औषध काम करत नाही," ते बोलले. "आता ऑपरेशनचा विचार करू. पिशवी काढून टाकू." पुढे कागद ओढता ओढता त्यांनी विचारलं, "दोन-दोन तास पूरे ठेवले होते ना, काका?"

मीच बोलले. "ठेवले म्हणजे काय! अहो डॉक्टर, हा माणूस म्हणजे..."

"चांगुणा, थांब," हे बोलले. मग डॉक्टरांकडे बघून, "नाही ठेवले."

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकलं.

"सिस्टर औषध भरताना दोन-दोन ग्लोव्हज घालते," हे सांगायला लागले, आवाज अगदी कंपनीत रिपोर्ट द्यावा तसा. "वरून एप्रन. तोंडाला मास्क. जांभळं औषध आहे ते, एकदा थेंब सांडला तर तिने लगेच पाण्याने पुसून घेतला. मला वाटलं, जे हाताला लागू नये ते आत किती वेळ ठेवायचं? लागलं, काम झालं. उरलेलं धुऊन टाकलेलं बरं. आग व्हायला लागली की मी संडासात जाऊन सोडून देत होतो. वर बाटलीभर पाणी प्यायचो. मग येऊन पडून राहायचो. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आता तुम्ही विचारलंत."

डॉक्टर चंदर उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मला वाटलं आता हा माणूस आम्हाला हाकलून देणार. ते टेबलावर दोन्ही हात टेकून बोलले, "काका, आप भी कमाल हो! म्हणजे औषध फेल नाही गेलं. औषध तुम्ही घेतलंच नाही! आणि आत्ता 'हो' बोलला असता ना, तर पुढच्या महिन्यात मी तुमची वाचण्यासारखी पिशवी काढून फेकली असती." मग खुर्चीत बसले आणि हातातला कागद बाजूला सारला. "परत पहिल्यापासून औषध देतो. लेकिन हा आखरी मौका. अब भी आया, तो निकालना ही पडेगा."

तिथे मी गप्प बसले, ते फक्त डॉक्टरांच्या इज्जतीसाठी. रिक्षात बसल्याबरोबर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते मला आठवत नाही, रिक्षावाल्याला आठवत असेल. "बाहेर मी देवासारखी बसून राहायचे आणि तुम्ही आत नळ सोडून बसायचे! दुसऱ्यांच्या लग्नात चौथं शील मोठ्याने म्हणवून घेता, आणि घरच्या बाईला काही सांगायचं नाही? विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, वा रे वा!" यांची मान खाली. आणि मला एकदम रडू फुटलं. कारण रागाच्या खाली मला दुसरंच दिसत होतं. त्या खोलीत बायको यांच्या बाजूने बोलली होती, एक मान हलवली असती तर सगळं झाकलं गेलं असतं. आणि हा माणूस स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगून मोकळा झाला. आणि त्या खरं बोलण्यानेच याची पिशवी वाचली होती, निदान आजच्यापुरती. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

डोळे पुसले आणि बोलले, "मला सांगा, बॅच होल्डवर असली की तुम्ही काय करत होता?"

होल्ड म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. माल रिअ‍ॅक्टरमध्ये भरला, गरमी बरोबर आली, की ठरलेला वेळ तसाच ठेवायचा, खालचा वॉल, म्हणजे माल सोडायची चावी, बंद. त्या होल्डपायी यांनी माझ्या भावाच्या हळदीला दांडी मारली होती, ते मी विसरले नव्हते.

"काही नाही. थांबायचं," हे बोलले.

"खालचा वॉल उघडता?"

"वेडी आहेस का? बॅच जाईल."

"मग?"

हे माझ्याकडे बघत राहिले. विम्को नाका आला तरी बघतच होते. मग हळूच बोलले, "ढवळायला पण पाहिजे. म्हणून कूस बदलायला सांगतात."

"आली अक्कल," मी बोलले. रिक्षावाला पुढून हसला.

पण घरी आल्यावर रात्रीचं जेवण पुढे ठेवून हे तसेच बसले. "डोक्याला पटलं गं," बोलले. "पण अंगाला कसं पटवू? आग सुरू झाली की पाय आपले आपण नळाकडे निघतात. विचार करायच्या आत मी उठलेला असतो. मला धरून ठेवायला कुणीतरी पाहिजे." असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि हरीभाऊजींना लावला. एवढा मानी माणूस, कधी कुणाकडे मीठ मागायला न गेलेला! फोनवर मित्राला सगळं सांगितलं, लाल, गाठ, थैली, स्वतःचा मूर्खपणा, काही लपवलं नाही. पलीकडून हरीभाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच, "कवा यायचा त्या सांग."

डॉक्टर चंदरनी सिस्टरला सांगून परवानगी दिली. पहिल्याच दिवशी हरीभाऊजी स्टूल ओढून पलंगाला चिकटून बसले. यावेळी मलाही वॉर्डाच्या दारात पडद्याबाहेर बसू दिलं. दिसत काही नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं. सिस्टर औषध सोडून गेली. थोडा वेळ दोघं गावच्या जमिनीच्या, चिखलोलीला होणाऱ्या स्टेशनच्या गप्पा मारत होते. मग आमच्या ह्यांचा आवाज बंद झाला. पलंग करकरला.

"हरी, मी जरा जाऊन येतो."

"बस खाली."

"अरे जळतंय रे."

"जलू दे."

"हरी, एक घोट पाणी तरी दे. तोंड ओलं करतो फक्त."

"पानी नाय मिलनार. डावी कूस कर."

"सोड हात माझा! सोड बोलतो ना!" आणि मग आमच्या ह्यांनी एक शिवी घातली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली. बौद्धाचार्य! मी पदर तोंडात कोंबला, हसू येत होतं का रडू तेच कळेना.

हरीभाऊजींचा आवाज अगदी मऊ आला. "माजा पन डोला जलत व्हता, बबन. मी तुला काय कमी शिव्या दिल्या का? तू सोडलंस मना?"

त्यानंतर आतून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि मधून मधून हरीभाऊजी, "आता पालथा हो... आता उजवी." दोन तास झाले तेव्हा सिस्टर आली. बाहेर आले तेव्हा यांच्या मनगटावर हरीभाऊजींच्या बोटांचे वळ होते. मी घरी आल्यावर खोबरेल लावून दिलं.

सहाच्या सहा आठवडे हरीभाऊजी आले. एकदा घरात पूजा होती, तरी आले. एकदा नातीच्या शाळेत गॅदरिंग होतं, तरी आले. पडद्याआड जाताना मला वाकुल्या दाखवायचे, "वयनी, तुमचा नवरा आज पलनार हाय, दार धरून बसा." मी पण सोडायची नाही. ते मधेमधे उठून संडासला जायचे तेव्हा मी बोलायचे, "भाऊजी, पेशंट हे आहेत का तुम्ही? तुमचाच वॉल लीक आहे वाटतं!" ते नुसते हसायचे. आणि आमचे हे? आग तेवढीच व्हायची, पण शेवटच्या दोन वेळेला हात धरावा लागला नाही. कूस बदलायची वेळ झाली की आतून यांचाच आवाज यायचा, "ढवळतो रे." मी दारात बसून ऐकायचे. सगळी उमर ज्या सवयीने घर चाललं, दुसऱ्याचा डोळा वाचला, ती सवय या वयात मोडायची म्हणजे काय गंमत आहे? मोठमोठ्या साहेबांना जमणार नाही ते माझ्या नवऱ्याने करून दाखवलं. मी त्यांच्या तोंडावर असलं कधी बोलणार नाही, इथे बोलून घेते.

मग परत तीन महिने. आता दुर्बिणीचा दिवस. हे सकाळी पांढरे कपडे घालून तयार. मी बोलले, "लग्नाला चाललाय का?" तर म्हणे, "थैली लागलीच, तर त्याआधी एकदा घालून घेतो." मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली.

हरीभाऊजी आमच्या आधीच येऊन बसले होते. ह्यांना आत नेलं. बाहेर आम्ही दोघं बाकड्यावर. बऱ्याच वेळाने डॉक्टर चंदर स्वतः दारात आले आणि मला आत बोलावलं. पडद्यावर चित्र थांबवून ठेवलं होतं. गुलाबी, नितळ, ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं.

"हे बघा आंटी, तुमच्या मिस्टरांची पिशवी," बोलले. "एकदम साफ. काढायची नाही, कुठे न्यायची नाही. ती राहणार त्यांच्याकडेच. दर काही महिन्यांनी बघत राहायचं बस."

मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं नाही. हे कपडे घालून बाहेर आले. पांढऱ्या झब्ब्यावर एक डाग नव्हता. हरीभाऊजींनी यांना अशी मिठी मारली की झब्ब्याची इस्त्री गेली.

हॉस्पिटलच्या खाली दाल-पकवानची गाडी उभी असते. हे बोलले, आज मी खिलवतो. तीन प्लेट घेतल्या. यांनी आधी बाटलीभर पाणी घटाघटा प्यायलं आणि माझ्याकडे बघून हसले. मी आणि हे खात होतो, आणि हरीभाऊजी पकवान नुसतं मोडत बसले होते. बारीक बारीक तुकडे.

"खा ना भाऊजी," मी बोलले.

ते माझ्याकडे न बघता यांना बोलले, "बबन, तुला पयली लाल कवा दिसली व्हती?"

यांचा घास तोंडाशीच थांबला. प्लेट माझ्या हातात दिली.

"तुला कधीपासून आहे, हरी?"

"रंगच असंल रं. तुज्यासारखा सगल्यांना थोडाच..."

"कधीपासून?"

हरीभाऊजींनी त्या वाचलेल्या डोळ्यावर हात फिरवला. "तू फोन केलास ना, त्याच्या आधीपासून," बोलले. "म्हटला, आधी तुजा निस्तरू दे. तुज्या डोक्याला माजा घोर कशाला? तू मग आपला सोडून माजाच बघत बसला असतास."

मी जी थट्टा करत होते, वॉल लीक आहे म्हणून, ती आठवून माझी मलाच लाज वाटली. सहा आठवडे हा माणूस स्वतःची लाल लपवून दुसऱ्याचा हात धरून बसला होता!

आमच्या ह्यांनी उजवा हात लांब केला आणि हरीभाऊजींची मान धरली, मागून, घट्ट, आणि त्यांना हॉस्पिटलच्या जिन्याकडे वळवलं. "आरं सोड, उद्या येतू ना, घरी सांगू तरी दे," हरीभाऊजी ओरडायला लागले. गाडीवाला बघतोय, येणारे-जाणारे थांबलेत, पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला मान धरून ढकलतोय. तीन प्लेटा हातात धरून मी मागून धावले.

"अहो, सोडा त्यांना! लोक बघतायत. मान दुखेल त्यांची."

"नाही," हे पायरी चढता चढता बोलले. "मागच्या वेळीपण सगळे हेच सांगत होते."